सही करण्याआधी गुरुजींना भेटा

पनवेलला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. माहेर राजापूर तालुक्यातलं. वडील मुंबईच्या गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर गावी परतले आणि त्यांनी कलमांची बाग उभी केली. गेल्या भाद्रपदात, गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर आठवड्याभरात ते गेले. दिवसकार्य झाल्यावर ट्रंकेत घरपट्टीच्या पावत्यांखाली फुलस्केपची दोन पानं सापडली. वडिलांच्या अक्षरातलं मृत्युपत्र, सहा वर्षांपूर्वीच्या तारखेचं. घर आणि बाग मुलाला, चाळीच्या पुनर्विकासात मालकीची झालेली लालबागची खोली मुलीला, पतपेढीतली ठेव आईला, आणि आईने हयातभर घरातच राहावं. साक्षीदार दोन. शेजारचे काका गेल्या वर्षी वारले. दुसरे शाळेतले निवृत्त गुरुजी, वय ऐंशीच्या पुढे.

दादाचं म्हणणं असं: कागद स्टॅम्प पेपरवर नाही, नोंदवलेला नाही, म्हणून त्याला किंमत नाही. सोसायटीत नॉमिनी मी आहे, म्हणून खोली माझी. प्रोबेट करायला गेलीस तर मुंबईच्या हायकोर्टात आयुष्य जाईल. त्यापेक्षा शिमग्याला येशील तेव्हा राजापुरात हक्कसोडपत्रावर सही कर, बाकीचं मी बघतो. ताई विचारतात, "मला भावाविरुद्ध कोर्टात जायचं नाही, माहेर तुटेल. पण खोली बाबांनी मला दिली होती. सही करून मोकळी होऊ की प्रोबेट करू?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात कोर्टाचा उल्लेख जिथे जिथे आला आहे तिथे "भावाविरुद्ध" हा शब्द त्याला चिकटून आला आहे. आणि आई साऱ्या पत्रात एकदाच येते, तीही बाबांच्या मृत्युपत्रात. तिला स्वतःला काय वाटतं, ती काय म्हणते, याची एक ओळ नाही. या दोन गोष्टींपासूनच सुरुवात करू या, कारण सही करावी की कोर्टात जावं याचं उत्तर मला तिथेच दिसतं.

आधी प्रोबेटबद्दल. आपल्याकडे हा शब्द कानावर येतो तो भांडणातच, म्हणून तो ऐकला की काळजात धस्स होतं. प्रत्यक्षात प्रोबेट म्हणजे कोर्टाने शिक्क्यानिशी दिलेली मृत्युपत्राची प्रत. हे मृत्युपत्र याच माणसाने केलं, तो शुद्धीवर होता, सही आणि साक्ष रीतसर झाली, एवढंच कोर्ट त्यात तपासतं. खोली खरंच बाबांच्या मालकीची होती का, बागेत काकांचा हिस्सा किती, असले प्रश्न तिथे सुटत नाहीत. अर्ज करायचा, सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मिळकतींची आणि वारसांची यादी आणि साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. मग कोर्ट बाकीच्या वारसांना नोटीस काढतं, जाहीर नोटीसही दिली जाते. आई आणि दादा यांनी "आमची हरकत नाही" असं प्रतिज्ञापत्र दिलं तर प्रकरण बरंच सरळ जातं. त्यांच्यापैकी कोणी कॅव्हेट, म्हणजे हरकतीचा अर्ज, घालून हरकत घेतली, तरच त्याचा दावा होतो आणि मग वर्षं जातात. म्हणजे अर्ज केल्याने तुम्ही भावाविरुद्ध उभ्या राहत नाही. विरुद्ध व्हायचं की नाही, ते नोटीस हातात पडल्यावर दादा ठरवणार.

तुमच्या बाबांनी मृत्युपत्रात व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलेला दिसत नाही. प्रोबेट फक्त नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळतं. तो नसेल तेव्हा ज्यांना मृत्युपत्राने काही मिळतं त्यांनी, मृत्युपत्र जोडून, 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'साठी अर्ज करायचा. लोक बोलताना त्यालाही प्रोबेटच म्हणतात, तपासणी बहुतेक तीच असते, पण वकिलाकडे गेल्यावर हा शब्द ऐकून गोंधळू नका. आणि यासाठी मुंबईच्या हायकोर्टातच गेलं पाहिजे असं नाही. बाबा राहत होते राजापूर तालुक्यात, तेव्हा रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातही अर्ज करता येतो, आणि तिथून मिळालेला आदेश महाराष्ट्रातल्या मिळकतीला, अगदी लालबागच्या खोलीलाही, लागू पडतो.

दादाचं प्रोबेटबद्दलचं म्हणणं परवापरवापर्यंत अर्धं खरं होतं, म्हणून ते नीट सांगते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम 213 असं होतं की मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन जुन्या इलाखा शहरांत केलेलं, किंवा तिथल्या स्थावर मिळकतीबद्दलचं, हिंदू माणसाचं मृत्युपत्र असेल तर प्रोबेटशिवाय त्यावरून कोर्टात हक्क सांगता येत नसे. गावातल्या घराबागेला ही सक्ती कधीच नव्हती. डोंबिवली-ठाण्यातल्या फ्लॅटलाही नव्हती. लालबागच्या खोलीला होती. 2025 च्या डिसेंबरात संसदेने हे कलम 213 काढून टाकलं. तेव्हा आज प्रोबेटची सक्ती उरलेली नाही. वकिलांना विचारताना या कलमाचं नाव घेऊनच विचारा, कारण जुनी सवय अजून सगळीकडे आहे. मात्र सक्ती गेली म्हणून उपयोग गेला असं समजू नका. उद्या ती खोली विकायची ठरली तर घेणाऱ्याचा वकील मृत्युपत्राचा पुरावा मागणारच, आणि घरात वाद असेल तर सोसायटीही हात वर करील.

स्टॅम्प पेपर आणि नोंदणीचं दादाने जे सांगितलं ते मात्र साफ चुकीचं आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही हवी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलं किंवा ही सही माझीच असं त्याच्या तोंडून ऐकलं. नोंदवलेलं मृत्युपत्रसुद्धा वाद झाला की साक्षीदार आणूनच सिद्ध करावं लागतं.

नॉमिनीच्या बाबतीत आपल्याकडे घरोघरी गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे संस्थेने पैसे किंवा कागद कुणाच्या हाती द्यायचे तो माणूस. मालक तो होतोच असं नाही. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्ये सांगितलं, शेअरबद्दल 2023 मध्ये. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यात तर आता शब्दच आहे, 'तात्पुरता सभासद'. खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीचं नाव तात्पुरतं लागतं. तेव्हा सोसायटीला आजच एक अर्ज द्या: वडिलांनी मृत्युपत्र केलं आहे, मी त्यातली लाभार्थी आहे, मला कळवल्याशिवाय खोलीचं हस्तांतरण करू नये. पोच घ्या. हे भांडण नाही, कळवणं आहे. दादालाही आधी फोन करून सांगा की असा अर्ज देते आहे, म्हणजे त्याला तो सेक्रेटरीकडून कळणार नाही.

आता हक्कसोडपत्र. इथे मी थोडी कडक बोलणार आहे.

माझी मावशी तिच्या भावाबरोबर अशीच सही करायला गेली होती. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसून तिने अंगठ्यांचे ठसे दिले, बाहेर येऊन भावाने तिला उसाचा रस पाजला. कागद तिने वाचला नाही, कारण भाऊ होता. काही वर्षांनी तिच्या मुलाला गावाजवळ थोडी जमीन घ्यायची होती. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, आणि तो पुरावा म्हणजे कुठल्यातरी सातबाऱ्यावर असलेलं नाव. मावशीचं नाव होतं ते त्या दिवशी गेलं होतं. जुना कागद काढून पाहिला तर मिळकतीच्या वर्णनात गट नंबर संपल्यावर शेवटी लिहिलेलं: "व इतर सर्व मिळकती". मामाचा हेतू वाईट होता असं मी अजूनही म्हणत नाही. लेखनिकाकडचा तयार नमुना होता. पण त्या चार शब्दांनी व्हायचं ते झालं.

म्हणून ताई, सही करायचीच असेल तरी मसुदा आधी घरी मागवा. मिळकतीचं वर्णन बोट ठेवून वाचा. लालबागची खोली त्यात कुठून शिरली नाही ना, "इतर सर्व" असं काही नाही ना, हे पाहा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागाहून रद्द करून घेणं फार अवघड असतं. बागेवरचा हक्क सोडायचा असला तरी, एखाद्या लहानशा गटावर नाव राहू द्या. दादाला त्याने काही तोटा नाही, तुमच्या मुलांना मात्र शेतकरी म्हणवून घेता येईल.

आणि बागेवर तुमचा हक्क आहे का, हेही सही करण्याआधी माहीत हवं. सातबारा सामाईक आहे असं तुम्ही लिहिलं आहे, त्यावर काकांची आणि चुलत भावांची नावंही आहेत. बाबा मृत्युपत्राने फक्त आपल्या स्वतःच्या हिश्शाची व्यवस्था लावू शकतात. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर तिच्यात तुमचा हिस्सा जन्मापासूनचा आहे. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना तो मिळाला, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. तुमचे वडील तर तेव्हा हयातच होते. पण आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन वडिलोपार्जित ठरत नाही. ती केव्हा आणि कशी आली, वाटणी झाली होती का, यावर ते ठरतं. त्यासाठी तहसील कार्यालयातून जुने फेरफार काढा, आजोबांच्या नावापासून खाली. आमच्या सासरच्या जमिनीचे मी काढले तेव्हा पणजोबांचं नाव अजून जिवंत माणसांच्या ओळीत बसलेलं होतं. 2025 मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी.

हक्क आहे हे कळलं म्हणजे मागायलाच हवा असं मुळीच नाही. बाबांची बाग दादाने सांभाळली, मोहोर आला की फवारणीला तो उभा राहिला, वानरांना त्याने हाकललं. तुम्हाला ती त्याच्याकडेच राहावी असं वाटत असेल तर ते मोठेपणाचंच आहे. फक्त काय देताय ते माहीत असून द्या.

गावच्या कागदांचं काम लांबवू नका. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज करता येतो, सरकारच्या 'ई-हक्क' संकेतस्थळावर घरबसल्याही होतो. आई, दादा आणि तुम्ही, तिघांची नावं द्या. अर्जानंतर नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर नाव लागल्याने कुणी मालक होत नाही आणि नाव नसल्याने हक्क जात नाही, ती महसुलाची नोंद आहे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्याचंही तसंच. तरी नाव असलेलं बरं, कारण बागेचा कुठलाही व्यवहार पुढे सरकला की नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

आईच्या ठेवीवर तीच नॉमिनी असेल तर ती रक्कम तिला मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे कागद देऊन मिळायला हवी. बँकेत वडिलांचं आणखी खातं निघालं आणि त्यावर नॉमिनी नसलं, तरी घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत, वाद नसेल तर, कोर्टाच्या सक्सेशन सर्टिफिकेटशिवाय दावा निकाली काढायचा आहे, आणि कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत. पतपेढी ही बँक नसते, तिथे तिचे स्वतःचे नियम विचारा. सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणी, ठेवी, रोखे यांच्यासाठी असतं, घराजमिनीसाठी नाही. जमिनीसाठी वारस दाखला लागलाच तर तो दिवाणी न्यायालयातून मिळतो, 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली. हा दोनशे वर्षांपूर्वीचा नियम आपल्या भागात अजून रोजच्या वापरात आहे.

आता आईकडे येते. बाबांनी घर दादाला दिलं आणि आईला राहण्याचा हक्क दिला. दादाने हे मृत्युपत्र किंमत नसलेलं ठरवलं, तर मृत्युपत्र नसल्यासारखंच होईल, आणि मग आई, दादा आणि तुम्ही असे तिघे सारखे वारस. बाबांच्या मालकीच्या प्रत्येक गोष्टीत एक तृतीयांश. घरातही. खोलीतही. म्हणजे दादाला बाग आणि घर ज्या कागदाने मिळतं, तोच कागद तो खोटा पाडू पाहतो आहे. हे त्याच्या लक्षात आलेलं नसावं. त्याला हे वकिलाच्या नोटिशीतून कळण्यापेक्षा माजघरात आईसमोर तुमच्याकडून कळलेलं चांगलं.

मला स्वतःला तुमच्यासाठी सगळ्यात बरी वाट वाटते ती अशी. तिघांनी मृत्युपत्र मान्य करावं, आणि एक कौटुंबिक व्यवस्थापत्र करून नोंदवावं: घर आणि बागेतला बाबांचा हिस्सा दादाचा, खोली तुमची, आईचा राहण्याचा आणि औषधपाण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत. सोसायटीच्या कायद्यात अशा पत्रावर सभासदत्व देण्याची सोय आहे. यात तुमचं काही जातं, दादाचंही काही जातं, आणि कोर्टाची पायरी बहुधा चढावी लागत नाही. दादा तयार झाला नाही तर लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा अर्ज करा, आणि तो करताना अपराधी वाटून घेऊ नका. अर्जाला तीन वर्षांची मुदत धरली जाते. ती नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतात, म्हणून बाबा गेले त्या दिवसापासूनच मोजून चाला. कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर ठरते. वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर एक गोष्ट फारशा बायकांना माहीत नसते: 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मागता येतं. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. वाद मध्यस्थीने मिटवायचा असला तरी तिथे विचारता येतं.

काहीच न करता सोडून देण्याचा पर्यायही तुमच्या मनात असणार. चाकरमानी घरांत तोच सगळ्यात जास्त निवडला जातो, गणपतीत विषय नको, शिमग्यात नको, मे महिन्यात पाहुणे असतात. पण तुमच्याकडे एक गोष्ट थांबणारी नाही. दोन साक्षीदारांपैकी एक गेले आहेत. मृत्युपत्र सिद्ध करायचं तर हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराने कोर्टात सांगावं लागतं की माझ्यासमोर सही झाली. गुरुजीही नसले तर मग बाबांची सही आणि साक्षीदारांचं अक्षर ओळखणारी माणसं शोधत बसावं लागेल. तेव्हा बाबांच्या सहीचे जुने कागद आत्ताच जमवा: पतपेढीच्या स्लिपा, गिरणीचे कागद, त्यांनी तुम्हाला लिहिलेली पत्रं. मृत्युपत्राच्या मूळ पानांना लॅमिनेशन करू नका, भोक पाडू नका, त्यावर पेनाने काही लिहू नका. झेरॉक्स तिघांकडे ठेवा. आणि मूळ पानं या घडीला कुणाकडे आहेत, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ते आधी विचारा.

शिमग्याला जाल तेव्हा राजापूरला सहीसाठी जायच्या आदल्या दिवशी गुरुजींकडे जा. एकटीने नको, दादाला बरोबर घ्या, आईला चालवत असेल तर तिलाही. दादाचेही गुरुजी तेच असतील. त्यांना फक्त एवढंच विचारा की बाबांनी सही केली तो दिवस आठवतो का, कुठे बसले होते, काय म्हणाले होते. ते सांगतील ते तिघांनी एकत्र ऐका. घरी परतल्यावर मग मसुदा उघडा.